बर्फाच्या शनिवारचा चेंडू

मी एक जुना नारिंगी चेंडू आहे. मित्रांनो, अंधार पडल्याशिवाय दिव्याचे मोल कळत नाही आणि संकट आल्याशिवाय खरा सोबती ओळखू येत नाही, असे थोर माणसे सांगून गेली आहेत. माझे सारे आयुष्य म्हणजे या वचनाचे जिवंत उदाहरण आहे. आभाळ फाटते, मैदान पांढरेशुभ्र होते आणि पांढरा चेंडू बर्फात दिसेनासा होतो, तेव्हा सगळ्यांना माझी आठवण येते. उरलेले साडेतीनशे दिवस मी किन्लॉगी फुटबॉल क्लबाच्या चहाच्या खोलीत, वरच्या फळीवर, कान तुटलेली किटली आणि उंदराचे औषध यांच्यामध्ये बसलेला असतो.

माझा जन्म मात्र बर्फात झाला नाही. सियालकोटजवळच्या एका खेड्यात, ऐन जून महिन्यात, एका बाईने ओसरीवर बसून मला शिवले. बत्तीस तुकडे आणि सहाशेच्या वर टाके. घामाने तिच्या बोटांतून मेणाचा दोरा निसटत होता.

"हा असला झेंडूचा रंग घेतो तरी कोण?" ती म्हणाली.

"थंड मुलखातली माणसं घेतात," तिची जाऊ म्हणाली. "त्यांना बर्फात पांढरा दिसत नाही."

"मग बर्फ वितळेपर्यंत थांबत का नाहीत?"

मित्रांनो, ज्या प्रश्नावर पुढे एक अख्खे गाव भांडले, तो प्रश्न त्या बाईने माझ्या अंगात हवा भरण्याआधीच विचारला होता. जावेने दोरा दाताने तोडला.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, किन्लॉगीला मी पोहोचलो तो १९७१ सालचा नोव्हेंबर होता. खोके उघडले ते डॉड रन्सीने. डॉड पिंपे बनवणारा. दारूच्या भट्टीवर आठवडाभर ओकच्या फळ्या वाकवायच्या आणि शनिवारी मैदान राखायचे, असा त्याचा क्रम होता. भट्टीवर त्याला पगार मिळे, मैदानावर मिळत नसे, आणि तो मैदानावर अधिक वेळेवर येत असे. त्याने मला दोन्ही हातांत धरून दाबून पाहिले, कानाजवळ नेऊन हलवले, आणि म्हणाला, "काय रे, उन्हातला का तू? होईल सवय."

झाली. वीस वर्षांत मी एकूण एकतीस सामने खेळलो. पांढऱ्या चेंडूंच्या मानाने ही कारकीर्द फार मोठी नव्हे. ते बिचारे एका हंगामात फुटत आणि कुत्र्यांना खेळायला जात. पण त्यांच्या सामन्यांना साठ माणसे येत आणि माझ्या सामन्यांना तीनशे, ही गोष्ट नम्रपणे नमूद करतो.

कारण किन्लॉगीत एक रीत होती. शनिवारी सकाळी बर्फ असले की सात वाजता चर्चची घंटा तीनदा वाजे आणि गाव आपापले फावडे घेऊन मैदानावर येई. फावडे घेऊन येणाऱ्याला दुपारच्या सामन्याचे तिकीट माफ. एरवी दीड पाउंड वाचवण्यासाठी कुणी एवढ्या थंडीत पांघरूण सोडले नसते, पण फावड्याचे तसे नव्हते. मासेमारी करणारे स्मिथ बंधू, एका होडीच्या वाटणीवरून अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, तेसुद्धा एकाच रांगेत उभे राहून बर्फ लोटत. धाकटा म्हणे, "त्याला सांगा, डावीकडं फेक." आणि मधला माणूस थोरल्याला सांगे, "डावीकडं फेक म्हणतोय." थोरला म्हणे, "ऐकू आलं म्हणावं." एवढ्यावर त्यांचे वर्षभराचे बोलणे भागत असे.

बर्फ लोटून झाले की सगळ्यांना जवाचे सूप. ते करी एल्सी, डॉडची धाकटी बहीण. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही, आणि डॉडची बायको एका मार्च महिन्यात तीन दिवसांच्या तापाने गेली. तेव्हापासून बहीणभाऊ समोरासमोरच्या घरांत राहत आणि आठवडाभर एकमेकांना खिडकीतून हात करत. दोघेही अबोल. पण बर्फाच्या शनिवारी त्यांच्या जिभेला जे काही फुटत असे, ते ऐकायला लोक सुपाच्या रांगेत दुसऱ्यांदा उभे राहत.

"दादा, मीठ कमी आहे म्हणालास तर पळी डोक्यात घालीन."

"मी कुठं काय म्हणालो? मी फक्त समुद्राकडं बघितलं."

"बघ, बघ. उडी मार त्यात. येताना वाटीभर घेऊन ये."

एल्सीचा मुलगा स्ट्रुअन आमच्या संघाचा कप्तान आणि बचावफळीचा खांब. चोवीस वर्षांचा, धंद्याने छपरांवर दगडी कौले बसवणारा. चर्चच्या शिखरावर चढून शीळ घालणारा माणूस, पण मैदानावर पाऊल टाकण्याआधी मामाच्या हातातून मला घेऊन हलकेच थोपटायचा. डॉडला मूलबाळ नव्हते. स्ट्रुअनच्या प्रत्येक सामन्याला तो गोलच्या मागे उभा राही आणि नव्वद मिनिटे एकच वाक्य बोले, "लोकाचं पोर असतं तर बरा खेळतो म्हटलं असतं."

आमच्या सुखाला नजर लागली ती इम्लाक मास्तरांची. मास्तर शाळेत भूगोल शिकवत आणि क्लबाचे चिटणीस होते. माणूस सज्जन. त्यांनी एका हंगामात रद्द झालेल्या सामन्यांचा नकाशा काढला आणि चहाच्या खोलीत, बरोबर माझ्यासमोरच्या भिंतीवर डकवला. त्यांचे म्हणणे साधे होते. नोव्हेंबर ते मार्च आपण खेळतो कमी आणि जमीन वितळायची वाट जास्त बघतो. हंगाम उन्हाळ्यात न्यावा. गवत हिरवे असते, रात्री दहापर्यंत उजेड असतो, बायकामुले येतील.

"चिलटं येतील," डॉड म्हणाला. "जुलैत आपल्याकडची चिलटं बघितलीत ना मास्तर? अर्ध्या तासात गोलकीपरच्या तोंडाचा भोपळा होतो."

"डॉड, चिलटांनी हाड मोडत नाही. गोठलेल्या जमिनीवर मोडतं."

"माझ्या मैदानावर अजून कुणाचं मोडलं नाही."

"कारण तुझ्या मैदानावर अजून कुणी खेळलेलंच नाही! मागच्या वर्षी सात शनिवार गेले!"

मधला एक पक्षही होता. तो म्हणे, जानेवारीत तीन आठवडे सुट्टी घ्या. पण जानेवारीत सुट्टी घेतली की बर्फ फेब्रुवारीत पडते, हे सगळ्यांना ठाऊक होते. बर्फाला परिपत्रक पाठवायची सोय नव्हती. त्यामुळे मधला पक्ष दोन्हीकडच्या शिव्या खाऊन चहा पीत बसे.

ठरले असे, की फेब्रुवारीत सभासदांची सभा घ्यायची, मत टाकायचे आणि क्लबाचा ठराव सामने भरवणाऱ्या लीगकडे पाठवायचा. त्या हिवाळ्यात जानेवारी उजाडेपर्यंतच चार सामने बुडाले. मास्तर नकाशावर लाल टाचण्या लावत होते. नवीन वर्षाच्या दिवशी, सगळे जमलेले असताना, त्यांनी विचारले, "किती बुडाले म्हणजे पटेल तुला, डॉड?"

डॉडने माझ्याकडे बघितले. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला. "सहा. या हिवाळ्यात सहावा सामना बुडाला, तर सभेत उन्हाळ्याच्या बाजूने पहिला हात माझा."

खोलीत टाळ्या पडल्या. एल्सीने फक्त पळी खाली ठेवली. "दादा, जिभेला हाड नाही तुझ्या. आभाळाशी पैज लावतोस?"

"आभाळाशी नाही गं. मास्तरांशी."

मित्रांनो, मला वाचता येत नाही, पण मोजता येते. चार झाले होते. दोनच उरले होते. आणि हा म्हातारा काय पणाला लावून बसला आहे, ते त्या खोलीत फक्त मला आणि एल्सीला कळले. बर्फाचा शनिवार गेला की सूप गेले, स्मिथ बंधूंचा निरोप्या गेला, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या तेवढ्या राहणार होत्या.

जानेवारीच्या दुसऱ्या गुरुवारी टपालवाली आली. क्लबाचे टपाल चहाच्या खोलीतच येई, आणि मास्तर दर शनिवारी येऊन घेऊन जात. डॉड एकटाच होता, निशाणांच्या काठ्या रंगवत. तिने त्याच्या हातात एक खाकी लिफाफा दिला.

"मास्तरांचं आहे. महत्त्वाचं असेल का काय?"

"दंड असेल," डॉड म्हणाला. "गेल्या महिन्यात लाइनमनचं एक निशाण हरवलं ना, त्याचा. वाचू दे त्यांना शनिवारी."

त्याने लिफाफा फळीवर ठेवला. ठेवता ठेवता त्याचा धक्का मला लागला आणि मी गडगडत कडेपर्यंत आलो. डॉडने मला पकडले, लिफाफ्याची चौघडी केली आणि माझ्या बुडाखाली सारली. "बस आता गपगार," तो म्हणाला. माझ्या आयुष्यात कुणी माझ्या बसण्याची इतकी काळजी घेतली नव्हती. मी खूश झालो.

त्या शनिवारी इतके बर्फ पडले की घंटा वाजवणारासुद्धा घराबाहेर पडला नाही. पाचवा सामना बुडाला. मास्तर आलेच नाहीत, त्यांना खोकला झाला होता.

मग आला अठरा तारखेचा शनिवार.

सात वाजता घंटा वाजली. इतकी फावडी मी कधीच पाहिली नव्हती. सगळ्या गावाला पैज ठाऊक होती. उन्हाळ्याच्या पक्षाचे लोकही आले होते, कारण मत आपले असले तरी फावडे गावाचे असते. नऊपर्यंत मैदान उघडे पडले. बर्फाखालचे गवत तपकिरी होते, आणि गवताखालची जमीन भट्टीवरच्या फरशीसारखी.

डॉडने मला काखेत घेतले होते. त्याने चार दातांचे आपले दाताळे मध्यभागी टोचले. ते टण्ण वाजले. पुन्हा एकदा दुसरीकडे टोचले. टण्ण. प्रेक्षकांच्या स्टँडच्या पत्र्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात, जिथे हिवाळाभर ऊन पोहोचत नाही, तिथे तर त्याने टोचूनही पाहिले नाही.

साडेनऊला पंच येणार होता. पंचाची तपासणी म्हणजे अशी, की त्याने मला खांद्याच्या उंचीवरून सोडायचे. गुडघ्यापर्यंत उसळलो तर सामना होणार, कमरेपर्यंत उसळलो तर घरी जा. मैदान राखणाऱ्याने पंचाबरोबर फिरायचे आणि बोलत राहायचे. बोलता बोलता पंचाला बऱ्या जागेवर उभे करायचे, हेही सगळीकडचे राखणदार करतात. त्याला कुणी पाप म्हणत नाही. डॉडपाशी त्या दिवशी बरी जागाच नव्हती.

गाव आत सूप पीत होते. खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली होती, आतून बाहेरचे काही दिसत नव्हते. डॉड मागच्या दाराने सामानाच्या खोलीत शिरला. तिथे एल्सीचा चहाचा बंब ठेवलेला असे. चहा ती बंबातच पत्ती टाकून उकळे. डॉडने तीन बादल्या भरल्या. मध्यवर्तुळात एक, दोन्ही पेनल्टीच्या खुणांवर अर्धी अर्धी, आणि उरलेली एक स्टँडच्या समोरच्या बाजूला, जिथे तो पंचाला चौथ्यांदा थांबवणार होता. जमिनीतून वाफ निघाली. त्या दिवशी किन्लॉगीच्या मैदानाने शंभर माणसांचा चहा घेतला.

सगळा वेळ मी त्याच्या काखेत होतो. त्याचे काळीज मला माझ्या शिवणीतून ऐकू येत होते. तो स्वतःशीच पुटपुटत होता, "एकच सामना. एवढा एकच."

पंच कोवळा होता, शहरातला, पातळ बुटांचा. डॉडने त्याला मध्यभागी नेले. हवेची गोष्ट सांगितली, भट्टीची सांगितली. पंचाने मला खांद्यापर्यंत उचलले आणि सोडले.

मी चहाच्या चिखलात पडलो आणि बसलो.

मित्रांनो, आयुष्यात मी लाथा खाल्ल्या, कुंपणाच्या तारेवर फाटलो, एकदा गायीने मला चाटले. पण खोटे मी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो. आणि नंतर आणखी तीनदा.

"आणि तो कोपरा?" पंचाने स्टँडच्या सावलीकडे बोट दाखवले.

"तो?" डॉड हसला. "तिथं गेल्या पन्नास वर्षांत चेंडू गेलेला नाही साहेब. आमचे फॉरवर्ड बघितलेत का तुम्ही?"

पंचही हसला. त्याच्या पायांना मुंग्या येत होत्या. "होऊ द्या सामना," तो म्हणाला.

चहाच्या खोलीत आरोळी उठली. थोरला स्मिथ चुकून धाकट्याच्या पाठीवर थाप मारून गेला. एल्सी मागून ओरडली, "दादा, बंब अर्धा रिकामा कसा?"

"गळतोय तुझा बंब. किती दिवस सांगतोय."

दुपारी दोनला सामना सुरू झाला. तीनशे चाळीस माणसे होती. तोपर्यंत चहाचे डाग पुन्हा गोठून काचेसारखे झाले होते, आणि मी वेड्यासारखा उसळत होतो. खेळाडू हसत होते, घसरत होते, लोक टाळ्या देत होते. मध्यंतरापर्यंत कुणालाच काही झाले नाही. डॉड गोलच्या मागे उभा होता आणि त्याच्या नेहमीच्या वाक्याला त्या दिवशी गाण्याची चाल लागली होती.

त्रेसष्टाव्या मिनिटाला पाहुण्यांच्या एकाने मला लांब मारले. मी पडलो, उसळलो, आणि सावलीच्या कोपऱ्याकडे निघालो. मागे स्ट्रुअन. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी थांबायला हवे होते. चेंडूला स्वतःहून थांबता येत नाही, हे माझे समर्थन मी इतकी वर्षे देत आलो आहे आणि अजून मला ते पुरत नाही.

त्याने पाय रोवला. पाय रुतला नाही, सरकला. गुडघा तिथेच राहिला आणि स्ट्रुअन पुढे गेला. जो आवाज झाला, तो तीनशे चाळीस माणसांनी ऐकला.

डॉड धावत आला. सत्तरीच्या माणसाने बर्फावर धावू नये तसा.

"मामा," स्ट्रुअन म्हणाला. तो रडत नव्हता, आश्चर्यात होता. "मामा, पाय कुठाय माझा?"

"आहे रे. आहे. इथंच आहे."

चहाच्या खोलीचे दार बिजागऱ्यांतून काढून त्यावर त्याला निजवले. एल्सी ॲप्रनवरच आली होती. तिने मुलाच्या केसांतून हात फिरवला, मग खाली वाकून त्याच हाताने जमीन चाचपली. दगड. ती उठली आणि दारामागून चालू लागली. दार मैदानाच्या मधून नेत होते. वर्तुळापाशी ती थांबली. गोठलेल्या तपकिरी डागात काळी काळी पत्ती दिसत होती. तिने नखाने थोडी खरवडली आणि बोटावर घेऊन पाहिली. वीस वर्षे ती त्या पत्तीचा चहा करत होती.

तिने भावाकडे बघितले.

"बंब गळत नव्हता, दादा," ती म्हणाली.

एवढेच. त्यानंतर ती त्याच्याशी बोलल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

सामना तिथेच थांबवला, पण नियमाप्रमाणे तो खेळला गेला असेच धरले. म्हणजे सहावा सामना बुडाला नाही. डॉड पैज जिंकला होता.

स्ट्रुअनच्या गुडघ्यात दोन खिळे घातले. तो चालेल, असे डॉक्टर म्हणाले. छपरावर चढणार नाही, असेही म्हणाले, पण ते त्यांनी दाराकडे जाताना सांगितले.

फेब्रुवारीतली सभा शाळेत भरली. डॉड मला कोटाच्या आत घेऊन गेला होता. त्याने मास्तरांना दाखवायला एक युक्ती फार आधीपासून योजून ठेवली होती, सगळ्यांसमोर मला टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, 'याला विचारा.' हिवाळ्याच्या पक्षाला त्या भाषणाची फार उत्सुकता होती. मास्तर टाचण्यांचा नकाशा गुंडाळून बसले होते. त्यांना तो उघडायचा धीर होत नव्हता, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवली आहे.

डॉडने मला टेबलावर ठेवले. मी गडगडू लागलो, म्हणून त्याने हात ठेवला. तो हात त्याने शेवटपर्यंत काढला नाही.

"जमीन गोठलेली होती," तो म्हणाला. "मला माहीत होतं. मी चहा ओतला."

कुणाला कळेना. मागून कुणीतरी म्हणाले, "काय ओतलं?"

"चहा. पंच उभा राहणार होता त्या जागी. माझ्या भाच्याचा पाय मी मोडला. मास्तर, लिहून घ्या." मग त्याने दुसरा हात वर केला. "उन्हाळा. पहिला हात माझा."

बराच वेळ त्या खोलीत एकच हात वर होता. मग दुसरा झाला, तिसरा झाला, आणि मग हिवाळ्याच्या पक्षाचे सगळे हात, लाजत लाजत, खाली बघत वर झाले. सत्तेचाळीस. मास्तरांनी नियमाप्रमाणे विचारले, "विरुद्ध?"

शेवटच्या बाकावरून एक कुबडी वर झाली.

"मला बर्फातच खेळायला आवडायचं, मामा," स्ट्रुअन म्हणाला.

मग थोरल्या स्मिथने हात वर केला आणि न विचारता धाकट्यानेही केला. सत्तेचाळीस विरुद्ध तीन. एल्सीने कुठल्याच बाजूने हात वर केला नाही. तिचे हात मांडीवर होते आणि ती माझ्याकडे बघत होती. माझ्यावरच्या हाताकडे असेल.

डॉडने मला फळीवर परत आणून ठेवले. लिफाफ्याची चौघडी तिथेच होती. त्याने ती सवयीने माझ्याखाली नीट सारली, किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला अडकवला आणि तो गेला.

त्या वर्षी मार्चमध्ये दोनदा बर्फ पडले. घंटा वाजली नाही. खिडकीतून मला मैदान दिसत होते, पांढरे, एकाही पावलाचा ठसा नसलेले. समोरासमोरच्या घरांबद्दल टपालवाली कुणाला तरी सांगत होती, की एका खिडकीतला म्हातारा रोज सकाळी हात वर करतो आणि दुसऱ्या खिडकीचा पडदा ओढलेला असतो.

माझी हवा हळूहळू गेली. आता माझ्या एका बाजूला खळगा पडला आहे, त्यामुळे गडगडायची भीती उरलेली नाही.

मित्रांनो, जुन्या चेंडूचे एवढे ऐका. चेंडूला वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसावे, हवा थोडी कमी करावी, उंदरांपासून दूर ठेवावे. मैदानाचीही काळजी घ्या. आणि जमीन कठीण असेल तर कठीण म्हणा. चेंडू उसळत असेल तर त्याला उसळू द्या. फार तर एक शनिवार जाईल. शनिवार पुन्हा येतो. मी पाहिले आहे, अगदी दर आठवड्याला येतो.

एप्रिलमध्ये इम्लाक मास्तर खोली आवरायला आले. त्यांनी सभेनंतर परत डकवलेला नकाशा काढला, टाचण्या डबीत भरल्या, मग मला उचलले. खालचा लिफाफा त्यांना दिसला. आपले नाव बघून त्यांनी तो फोडला. मास्तरांना सवयीने मोठ्याने वाचायची खोड होती, म्हणून मला कळले. पत्र लीगचे होते. हंगाम बदलण्याच्या सूचनेवर विचार झाला आहे, असे त्यात लिहिले होते. क्लबांची मते मागवण्यात येणार नाहीत. हंगाम आहे तसाच हिवाळ्यात राहील, आणि हा विषय पाच वर्षे पुन्हा घेतला जाणार नाही.

मास्तर तिथेच पिंपावर बसले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले, या वेळी मनात. मग जुन्याच घड्यांवर त्याची चौघडी केली आणि परत माझ्याखाली ठेवून दिली.

पत्रावरची तारीख आठ जानेवारी होती.